मोरीचे पाणी



गेल्या महिन्यात दोन दिवस चिंचवडला धाकट्या भावाकडे राहून आलो. आपल्या धर्मग्रामातील बरीच मुले नोकरीसाठी त्याच भागात राहतात. जाताना त्यांच्या आयांनी माझ्याकडे शेंगाचटणीचे डबे दिलेच होते. सकाळी भरपूर पाण्याने आंघोळ करताना मनात आले, हे पाणी आता आपल्याच गावाकडे निघाले.

विनोद नाही. पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला, मुळा-मुठा पुढे भीमेला, आणि भीमा आपल्या माढा तालुक्यात उजनी धरणात अडते. सोलापूर शहर ते पाणी पिते, आपला ऊस त्यावर वाढतो. धरणातली जलपर्णी आणि पाण्याचा हिरवा रंग आपण सर्वांनी पाहिला आहे.

१९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना आला, तेव्हा तिथे पुण्याजवळची खेडी होती. १९८२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत वस्ती १७ लाखांच्या पुढे गेली. एवढ्या शहराला पाणी लागणारच. पवना धरणातून बंद नळाने ते नेण्यास मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ पोलिसांचा गोळीबार झाला, तिघे मेले. शहराच्या वरच्या अंगाला ते, खालच्या अंगाला आपण.

मग दोषी कोण? कारखान्यांचा वाटा आहे, कारभाऱ्यांचाही आहे. पण माझा भाऊ? पापाला जाणीव लागते आणि संमती लागते, असे आपण धर्मशिक्षणात शिकतो. त्याच्याकडे दोन्ही नाहीत. तो फक्त आंघोळ करतो. लाखो निर्दोष आंघोळी, आणि शेवटी एक घाण धरण!

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या परिपत्रकात ‘पापाच्या संरचना’ असे शब्द वापरले, पण त्यांची मुळे माणसांच्या वैयक्तिक पापांतच असतात, हेही बजावले. मला त्याहून अडचणीचे वाटतात ते संत थॉमस अक्वायनस. जे जाणून घेणे आपले कर्तव्य आहे, त्याचे अज्ञान त्यांच्या मते निर्दोष नसते. आता मोरीचे पाणी कुठे जाते हे जाणणे कर्तव्य आहे का? विहीर आणि मोरी एकाच अंगणात होती तेव्हा हा प्रश्नच नव्हता. घाण केली तर स्वतःलाच प्यावी लागे. शहरात शेजारी दीडशे किलोमीटर दूर गेला. दारात कोणी तहानलेला आला तर भाऊ स्वतःचा तांब्या पुढे करील, याची मला खात्री आहे.

आणि आपण तरी शेवटचे कुठे? उजनीच्या खाली पंढरपूर आहे, त्यापुढे कर्नाटक.

परवा भावाला फोन करून विचारले, तुमच्या सोसायटीचे सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र चालू आहे का? ‘सेक्रेटरीला विचारून सांगतो,’ म्हणाला. मग आपल्या चर्चच्या मोरीचे पाणी कुठे जाते, ते मी आपल्या माळीबाबांना विचारले. ‘गटारात, फादर.’ आणि पुढे? ते माझ्याकडे बघतच राहिले.