आजचं चिंतन : अध्याय ३३ – उदी मैनाताईंसाठी होती



आज गुरुवार. काल रात्रीच्या बसने शिर्डीला आले. काकड आरती झाली, द्वारकामाईत धुनीसमोर थोडा वेळ बसले आणि आता खोलीवर येऊन हे लिहितेय.

आजचं वाचन साईसच्चरिताचा अध्याय ३३, उदीचा महिमा. जामनेरची गोष्ट आपल्यातल्या बहुतेकांना पाठ आहे. नानासाहेब चांदोरकर तेव्हा जामनेरला मामलेदार. त्यांची मुलगी मैनाताई बाळंतपणात अडलेली. कळा थांबत नाहीत, सुटका होत नाही, केलेले उपाय थकले. इकडे शिर्डीत रामगीर बुवा खानदेशात आपल्या गावी निघालेले. बाबांनी त्यांना वाटेत जामनेरला जायला सांगितलं, नानांसाठी उदी आणि आरती दिली. बुवांकडे दोनच रुपये. जळगावपर्यंत रेल्वे, पुढे तीस मैलांची वाट. मध्यरात्र उलटल्यावर जळगावला उतरले तेव्हा दोन आणे उरलेले. तिथे एक शिपाई त्यांचं नाव पुकारत टांगा घेऊन उभा! उदी पोचली, पाण्यात कालवून मैनाताईंना दिली आणि त्या सुखरूप सुटल्या. नंतर नानासाहेब म्हणाले, मी तर टांगा पाठवलाच नव्हता.

तो टांगा कोणाचा, यावर आपण नेहमी बोलतो. आज मात्र माझं लक्ष मैनाताईंवरच राहिलं. त्याला कारण माझी मावसबहीण.

तिला तिसऱ्या महिन्यात छातीत गाठ लागली. घरातल्या मोठ्यांनी सांगितलं, दूध उतरायची तयारी असते, होतं असं. एका डॉक्टरांनीही बाळंतपणानंतर बघू म्हणून परत पाठवलं. महिनाभराने तिनेच हट्ट धरून तपासणी करून घेतली. सोनोग्राफी, मग सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणी. रिपोर्ट आला : स्तनाचा कॅन्सर. चौथा महिना चालू होता.

त्या रात्री तिने मला फोन केला. रडत नव्हती. फक्त विचारलं, "ताई, मी केमो घेतली तर मी स्वार्थी ठरेन का गं? आई तर बाळासाठी जीव देते ना?"

मी म्हणाले, "बाबा बघतील. तू काळजी करू नकोस."

ती गप्प झाली. मलाही कळलं, मी उत्तर दिलंच नाही. मला भीती वाटली आणि मी बाबांच्या नावामागे लपले. श्रद्धेचं वाक्य होतं, पण ते मी तिच्यासाठी म्हटलंच नव्हतं. मला सुटायचं होतं.

आता तिच्या प्रश्नाकडे येते. गरोदरपणात कॅन्सर साधारण हजारात एकीला होतो, म्हणजे फार होत नाही, पण ऐकिवात नाही असंही नाही. "आई की बाळ" असाच निवाडा दर वेळी करावा लागतो, हा आपला समज. तिच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडत असतात, तेव्हा केमो टाळतात. चौथ्या महिन्यापासून काही ठरावीक औषधं देता येतात. ऑपरेशन गरोदरपणातही करता येतं. रेडिएशन सहसा बाळंतपणानंतर. प्रसूतीच्या साधारण तीन आठवडे आधी केमो थांबवतात, म्हणजे आईच्या रक्तातल्या पेशी सावरतात. २०१५ मध्ये बेल्जियमचे डॉ. फ्रेडरिक आमांत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आयांच्या १२९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेकांना पोटात असतानाच केमोला सामोरं जावं लागलं होतं. इतर मुलांशी तुलना करता त्यांच्या वाढीत, बुद्धीत, हृदयात उपचारांमुळे फरक दिसला नाही. जास्त फरक पडत होता तो वेळेआधी जन्मल्यामुळे.

म्हणजे सबुरी इथेही आहेच. केमोसाठी योग्य आठवड्याची वाट बघणं ही सबुरी. बाळाला शक्य तितके दिवस पोटात राहू देणं ही सबुरी. पण गाठ लागल्यावर "बघू नंतर" म्हणणं ही सबुरी नव्हे, ती टाळाटाळ. आपण दोन्हींना एकच नाव देतो.

आता पुन्हा जामनेरला चला. बाबांनी उदी कशी पाठवली? माणसाच्या हाती, रेल्वेने, टांग्याने. शिर्डीत बसून नुसता हात वर केला असता तरी चाललं असतं, असंच आपण भक्त म्हणू. तरी रात्रभर एक माणूस वाट तुडवत गेला. मग आज ऑपरेशन थिएटरपर्यंत जाणारी वाट श्रद्धेच्या बाहेरची कशी? याच शिर्डीत संस्थानची दोन रुग्णालयं चालतात. समाधीचं दर्शन घेऊन लोक तिथल्या ओपीडीत बसतात. कोणाला त्यात विसंगती वाटत नाही.

आणि दुसरी गोष्ट. ती उदी मैनाताईंना दिली गेली. वेदना त्यांच्या होत्या, बाबांपर्यंत हाक त्यांच्यासाठी पोचली. त्या तिथे नुसत्या बाळाला जगात आणण्याचं साधन नव्हत्या. लेक होत्या. आईने त्याग केला तर आपण हात जोडतो, जोडावेतच. पण त्याग तिचा तिने करायचा असतो. घरातल्या चौघांनी बैठकीत बसून तो तिच्या पदरात टाकायचा नसतो.

सगळ्यांचीच गोष्ट माझ्या बहिणीसारखी नसते. कोणाचा कॅन्सर पहिल्या दोन महिन्यांत कळतो, थांबायला वेळच नसतो आणि गर्भपाताचा निर्णय घ्यावा लागतो. आईच्या जिवाला धोका असेल तर आपला १९७१ चा कायदाही तिला तो मार्ग देतो. अशी एखादी बाई दर्शनाच्या रांगेत तुमच्या पुढे उभी असेल. तिची श्रद्धा कमी पडली, असं बोलणारे आपण कोण?

दोन दिवसांनी मी बहिणीकडे गेले. म्हणाले, "तू स्वार्थी नाहीस. बाळाला तू हवीयेस, आणि आम्हालाही हवीयेस. बाळ नसतं तरी हवी असतीस." तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

ऑपरेशन झालंय. आता सातवा महिना लागलाय, परवा केमोची तिसरी सायकल. केस गेलेत. बाळ लाथा मारतंय, सोनोग्राफीत वाढ ठीक आहे. पुढे काय होईल ते मला माहीत नाही आणि आज मी "बाबा बघतील" असं पटकन म्हणणार नाही. उदीची पुडी घेतलीये. केमोत जंतुसंसर्गाची भीती असते, म्हणून पोटात द्यायची नाही, फक्त कपाळाला लावायची, असं डॉक्टरांना विचारूनच ठरवलंय. परवा हॉस्पिटलात तिच्याशेजारच्या खुर्चीत मी बसणार आहे.

आजच्या दिवसाचा एक नेम : तुमच्या ओळखीत कोणी आजारी असेल तर "बाबा बघतील" म्हणण्याआधी "मी येऊ का?" एवढं विचारा. कदाचित जळगाव स्टेशनवरचा टांगा तुम्हालाच न्यायचा असेल.

ॐ साई राम 🙏