खोक्यातली खंडित मूर्ती

शाडूचा गणपती ऑनलाइन मागवला, खोके घरी आले आणि उघडून पाहिले तर सोंड तुटलेली निघाली, की पैशांचा विषय मागे पडतो. आधी कोणीतरी दबक्या आवाजात विचारते, 'हा अपशकुन तर नाही ना?' पुण्यात विचारले जाते तसे न्यू जर्सीतही विचारले जाते. तिथे तर पर्यायी मूर्ती मिळण्याची शाश्वतीही नसते, त्यामुळे धास्ती जास्तच. या धास्तीला आपण धार्मिक म्हणतो खरे, पण तिला धर्माचा आधार फारसा नाही. उलट परंपरेचा शब्द नीट ऐकला तर ती आधी विरायला हवी.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीचे व्रत पार्थिव गणेशाचे, म्हणजे मातीच्या मूर्तीचे आहे. या व्रतात देवत्व कधी येते आणि कधी जाते याच्या वेळा स्पष्ट आहेत. प्राणप्रतिष्ठेच्या मंत्रांनी मूर्तीत देवाचे आवाहन होते. उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवली की ते संपते. या दोन क्षणांच्या मधे जे आहे तो देव. अलीकडे आणि पलीकडे आहे ती माती. म्हणूनच प्रतिष्ठेपूर्वी मूर्ती भंगली तर दुसरी आणावी, मनात शंका धरू नये, आणि प्रतिष्ठेनंतर भंगली तर दहीभाताचा नैवेद्य दाखवून तिचे विसर्जन करावे, असे पंचांगकर्ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. खंडित मूर्ती पूजू नये हा नियम आहेच, पण पूजा कशाची करावी एवढेच तो सांगतो. मूर्ती भंगली म्हणजे घरावर काही ओढवणार, असे भाकीत त्यात नाही.

मग मूर्ती का तुटते? शाडू उन्हात किंवा सावलीत वाळवतात, भट्टीत भाजत नाहीत. त्यामुळे मातीचे कण एकमेकांना नुसते बिलगलेले असतात, विटेसारखे एकजीव झालेले नसतात. हादरा बसला की जिथे माती बारीक आणि अधांतरी असते तिथेच ती तुटते: सोंडेचे टोक, बोटे, कानाची कड. प्लास्टर ऑफ पॅरिस हलके आणि चिवट म्हणून दूरच्या वाहतुकीला सोयीचे. पेण आणि त्याच्या परिसरातल्या हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून मूर्ती चतुर्थीच्या कितीतरी आधी परदेशी रवाना होतात, तेव्हा ही सोय काय असते ते व्यापाऱ्यांना विचारावे. पण प्लास्टर पाण्यात विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली सुधारित मार्गदर्शक सूचनांत नैसर्गिक मातीचाच आग्रह धरला तो याच कारणाने. म्हणजे कुरिअरच्या टेम्पोत शाडूचा जो गुण नडतो तोच बादलीतल्या विसर्जनाला लागतो. व्यापाराला न तुटणारी वस्तू हवी असते. व्रताला मात्र विरून जाणारीच लागते. आता तुटणे हा दैवी कौल मानायचा असेल, तर पर्यावरणाचा विचार करून शाडू निवडणाऱ्यांवर देवाचा रोष अधिक आणि प्लास्टर घेणाऱ्यांवर कमी, असे म्हणावे लागेल. शिवाय थर्माकोलचा एक पदर वाढवला की हा रोष निवळतो, हेही मान्य करावे लागेल. इतका हास्यास्पद देव आपल्या कोणत्याही संप्रदायाने मांडलेला नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. भाव काही मुहूर्त पाहून सुरू होत नाही. मूर्ती पसंत करताना तो असतो, चेहऱ्यावर रुमाल टाकून 'मोरया' म्हणत तिला घरी आणतानाही असतो; मग प्रतिष्ठेआधी नुसती माती, हा कोरडा हिशेब भक्ताला कसा पटावा? पटू नये, आणि त्याची गरजही नाही. पण भावातून आदर निघतो. भीती कुठून निघते? तुटलेले तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकवत नाहीत, पाण्यात भिजवून ती माती झाडाला घालावीशी वाटते, हा आदर झाला. 'आमचेच काहीतरी चुकले असणार' ही भीती झाली, आणि ती फार सोयीची आहे. कारण तिच्यामुळे रद्दी कागदात मूर्ती गुंडाळणारा सुटतो, खोके फेकणारा सुटतो आणि दोष उपास करणाऱ्या बाईच्या पदरात पडतो. घरातल्या बाईच्याच, हे इथे सांगून टाकलेले बरे.

दुसरा आक्षेप संकोचाचा: देवाचे पैसे परत कसे मागायचे? विक्रेता भंगलेल्या मूर्तीचा फोटो मागतो आणि अनेकांना तो काढणेच पाप वाटते. पण दिलेले पैसे देवाचे नव्हतेच. ते मूर्तिकाराच्या हातांचे, डोळ्यांच्या आखणीचे आणि वाहतुकीचे होते. मूर्तिकाराने आपले काम चोख केले आणि वाहतूक करणाऱ्याने केले नाही, तर तसे सांगणे हा मूर्तिकाराच्या कष्टांचाच मान आहे. गप्प बसल्याने पुण्य लागत नाही, फक्त पुढच्या वर्षीचे खोकेही तसेच येते.

बोटाचे टोक किंवा कानाची कड एवढेच उडाले असेल, तर ओली शाडू लावून, वाळवून, रंग देऊन मूर्ती पूजेला घ्यायला माझ्या मते हरकत नसावी; कारखान्यात मूर्तिकार हेच करतात. प्रतिष्ठित मूर्तीबाबतही परंपरा वाटते तितकी ताठर नाही. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीला झीज रोखण्यासाठी वज्रलेप केला जातो. कोलकात्याजवळच्या दक्षिणेश्वर मंदिरात कृष्णमूर्तीचा पाय मोडला तेव्हा पंडितांनी ती विसर्जित करायला सांगितले. जावयाचा पाय मोडला तर मंदिर उभारणारी राणी रासमणी त्याला टाकून देईल का, असे रामकृष्ण परमहंसांनी विचारले आणि स्वतः तो पाय सांधला, असे त्यांच्या चरित्रांत आहे. मूर्ती सांधण्यापलीकडे गेली असेल, चतुर्थी उद्यावर असेल आणि दुसरी मिळण्याजोगी नसेल, तर तांदळावर सुपारी मांडून तिच्यावर गणपतीचे आवाहन करता येते. सत्यनारायणापासून वास्तुशांतीपर्यंत पूजेच्या आरंभी गुरुजी तेच करतात, आणि तिथे मूर्ती कुठे आहे असे कोणी विचारत नाही.