चोपदाराचा चोप आणि गुरुजींची छडी



वाचक माउली, आपल्या संप्रदायात शाळामास्तरांची संख्या थोडी नाही. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का आणि बोटांना खडूची पांढरी भुकटी, असे गृहस्थ गावोगाव आढळतात. सोनोपंत मामा दांडेकर (१८९६ ते १९६८) पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि त्याच वेळी जोगमहाराजांचे शिष्य व कीर्तनकार होते. म्हणून 'वर्गातली शिस्त' हा विषय परमार्थाच्या मासिकात कशाला, असे आमचा वाचक तरी विचारणार नाही.

शाळा उघडण्याचे दिवस आणि पालखी निघण्याचे दिवस मागेपुढेच येतात. दिंडीत चालताना मास्तरमंडळी एकत्र आली की बोलणे वर्गावर येते आणि बहुधा एकाच तक्रारीवर येऊन थांबते. 'पोरं ऐकत नाहीत हो. पूर्वी एक छडी मारली की वर्ग चिडीचूप व्हायचा. आता कायद्याने हात बांधले.' ही गोष्ट खरी आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, या दोन्ही गोष्टींना मनाई केली. म्हणजे छडी तर गेलीच, पण 'गाढवा, तुझ्या डोक्यात शेण भरलंय' हेही गेले. आता मास्तर विचारतात, हाती उरले काय?

आमचे म्हणणे असे की, याचे उत्तर त्याच दिंडीत, त्याच दिवशी, संध्याकाळी मिळते. ते रोज आपल्या डोळ्यांसमोर असते म्हणून आपण त्याच्याकडे पाहत नाही.

माउलींची पालखी मुक्कामाच्या तळावर पोचते. समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या पालखीभोवती रिंगण करून उभ्या राहतात. रथापुढच्या सत्तावीस आणि मागच्या कितीतरी. हजारो टाळ एकदम वाजत असतात, मृदंग असतात, अंगाला दिवसभराचा घाम आणि पायांना फोड असतात. अशा समुदायाला गप्प करायला पोलीस किती लागतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. तेथे चोपदार पुढे येतात, हातातला चांदीचा दंड वर धरतात आणि 'होऽऽ' अशी आरोळी देतात. टाळ थांबतात. एका क्षणात सगळीकडे शांतता पसरते.

या दंडाला म्हणतात चोप. आमच्या भाषेची गंमत पाहा, 'चोप देणे' म्हणजे मारणे. परंतु चोपदाराचा चोप समाजआरतीत कोणाच्या पाठीत बसल्याचे कोणी ऐकले आहे काय? तो फक्त वर उचलला जातो. मारायचा नसलेला दंड इतका चालतो, याचे कारण काय असावे?

कारण पुढच्या गोष्टीत आहे. ज्यांनी समाजआरती पाहिली आहे त्यांना ठाऊकच आहे की, चोप वर गेल्यावरही कधीकधी एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. सगळा समाज स्तब्ध आणि एकाच कोपऱ्यात टाळांचा खणखणाट. नवख्या माणसाला वाटेल, काय बेशिस्त लोक आहेत! पण ती बेशिस्त नव्हे. त्या दिंडीची काही तक्रार आहे. कोणी त्यांच्या जागेत शिरले असेल, चालीत अडथळा झाला असेल, काही अन्याय घडला असेल. तोंडाने आरडाओरडा न करता ते टाळ वाजवत राहतात. मग चोपदार तेथपर्यंत चालत जातात आणि विचारतात, ऐकून घेतात, निवाडा होतो. समाधान झाले की ते टाळही थांबतात. त्यानंतरच हरवल्या-सापडल्या वस्तूंची पुकार होते, उद्या किती वाजता निघायचे ते सांगितले जाते, आणि आरती होते. तक्रार ऐकल्यावाचून आरती नाही.

म्हणून तो चोप चालतो. ज्याला ठाऊक आहे की माझे टाळ वाजले तर कोणीतरी येऊन विचारील, तो एरवी आनंदाने टाळ थांबवतो.

आता हेच वर्गात आणून पाहू. मागच्या बाकावरचा एक मुलगा सारखी चुळबुळ करतो, शेजाऱ्याला कोपराने ढोसतो, फळ्याकडे पाठ फिरली की खडूचा तुकडा फेकतो. टाळ वाजताहेत! मास्तर तेथपर्यंत चालत गेले आणि पोराला एकीकडे घेऊन विचारले, तर काय कळते? बीडकडचे किंवा अहिल्यानगरकडचे पोर असेल, तर कदाचित असे कळेल की आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड गाडीवर चढते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येते. निम्मे वर्ष पोर फडावर. वयाप्रमाणे त्याला पाचवीत बसवले आहे, पण वाचता येते दुसरीचे. समोर अपूर्णांक चालले आहेत. पाच-पाच तास न कळणारी भाषा ऐकत मुकाट बसणे तुम्हां-आम्हांला तरी जमेल काय? परक्या भाषेतले कीर्तन तीन तास ऐकायला बसवले तर आम्हीसुद्धा शेजारच्याला कोपर मारू. दुसऱ्या कोणाला फळा दिसत नसेल आणि घरी ते लक्षातच आले नसेल. तिसरे सकाळी उपाशी आले असेल. चौथ्याच्या घरी बाप रात्री पिऊन येतो आणि जे घरी अंगावर घेतले ते पोर मधल्या सुट्टीत धाकट्यांच्या अंगावर उतरवते. पाचवे नुसते द्वाड असेल, तेही असते! पण पाचव्यासाठी पहिल्या चौघांना मारायचे, हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, साठ पोरांच्या वर्गात प्रत्येकाजवळ चालत जायला वेळ कुठे? तर चोपदाराजवळ तरी कुठे असतो? सगळ्याच दिंड्या रोज टाळ वाजवत नाहीत, एखादीच वाजवते. वर्गातही रोज तीच दोन-तीन पोरे असतात, हे कोणताही मास्तर शपथेवर सांगेल. त्या दोघा-तिघांपाशी आठवड्यातून एकदा, इतरांच्या देखत नव्हे, मधल्या सुट्टीत, पाच मिनिटे बसावे. चारचौघांत विचारले तर पोर खरे सांगत नाही. मोठा माणूस तरी सांगतो काय?

आणखी एक गोष्ट दिंडीकडून घेण्याजोगी आहे. कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी दोन-दोन तास उभे असतात, ते दंगा का करीत नाहीत? हातात टाळ आहेत म्हणून! प्रत्येकाला काम आहे, आणि आपला टाळ चुकला तर सगळ्यांचा ठेका बिघडेल हे त्याला ठाऊक आहे. ज्याच्या हाताला काम नाही तोच जांभया देतो, मग बोलतो, मग उठतो. वर्गातल्या द्वाड पोराच्या हातात टाळ द्यावा. वह्या वाटणे, फळा पुसणे, पाण्याचा माठ पाहणे, धाकट्यांना पाढे म्हणून दाखवणे. कीर्तनात लोक बोलू लागले तर शहाणा बुवा त्यांच्यावर ओरडत नाही, नामाचा गजर सुरू करतो आणि बोलणाऱ्यांची तोंडे त्याच कामाला लावतो. मास्तरांनीही आवाज चढवण्याऐवजी एक कविता सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावी आणि मग एकदम हळू आवाजात बोलावे. पोरे कान देतात.

आता आमच्यातलेच एखादे जाणते वारकरी आडवे येतील. 'अहो, गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी थापटली की नाही? नामदेवरायांना कच्चे ठरवले की नाही? मारल्याशिवाय मडके पक्के होत नाही.' ही कथा आमच्या मंडळींना फार आवडते आणि छडीच्या समर्थनार्थ ती हमखास येते. पण कथा पुढे वाचावी. गोरोबांची ती परीक्षा होती, शिकवणी नव्हे. थापटण्याने मडके कच्चे आहे एवढेच कळले, त्याने ते भाजले गेले नाही. नामदेवराय रडले, रुसून पंढरीस गेले, आणि तेथून त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवण्यात आले. विसोबांनी काय केले? पिंडीवर पाय ठेवून निजले आणि नामदेवराय रागावल्यावर इतकेच म्हणाले की, बाबा, जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव. एक प्रश्न! नामदेवराय पाय उचलून फिरत राहिले आणि फिरता फिरता स्वतःच शिकले. ज्याला छडीची बाजू मांडायची आहे त्याने ही कथा सांगू नये. ती त्याच्या विरुद्ध साक्ष देते.

माउलींकडे पाहावे तर तेथे विषयच संपतो. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांपाशी अवधान मागतात. 'ऐका, नाहीतर' असे नव्हे, तर लाडके लेकरू मागते तसे. आणि तेराव्या अध्यायात अहिंसेचे निरूपण करताना अहिंसा अंगी बाणलेल्याची चाल, दृष्टी, वाणी यांचे वर्णन करून ते हातापाशी येतात. असा पुरुष कमळ हाती खेळवीत नाही, फुलांची माळ झेलीत नाही, कारण ते त्याला गोफणीसारखे वाटते. मग त्याच्या हाताला सवय कशाची? जोडण्याची, अभय देण्यासाठी वर होण्याची, आणि दुखावलेल्याला हळुवार स्पर्श करण्याची. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशास हे सांगून झाले. आमच्या पार्लमेंटला ते कायद्यात घालायला सातशेवर वर्षे लागली.

याचा अर्थ पोरांना मोकाट सोडावे असा मुळीच नाही. चोपदार प्रेमळ आहेत म्हणून दिंडीने आपला क्रम सोडून पुढे घुसावे, असे चालत नाही. नेम थोडे असावेत, पहिल्या आठवड्यात मुलांशी बोलून ठरवावेत आणि मग ते पाटलाच्या पोरालाही तेच आणि पारध्याच्या पोरालाही तेच. एक दिवस चालवायचे आणि एक दिवस सोडायचे, याने जितकी पोरे बिघडतात तितकी दुसऱ्या कशाने बिघडत नाहीत. एकाने दुसऱ्यावर हात टाकला तर तेथल्या तेथे मध्ये पडून थांबवावे. सांडले त्याने पुसावे, फाडले त्याने चिकटवावे. एकाच्या खोडीसाठी सगळा वर्ग उभा करू नये. शिक्षा म्हणून शंभर वेळा लिहायला लावू नये, कारण मग लिहिणे हीच शिक्षा आहे असे पोर धरून चालते. मास्तरांनी वेळेवर यावे आणि पाठ तयार करून यावे. निम्मा गोंधळ मास्तर पान शोधत असताना होतो, हे स्पष्ट सांगितल्याबद्दल मास्तरमंडळींनी आम्हांला क्षमा करावी.

साने गुरुजी (१८९९ ते १९५०) १९२४ ते १९३० या काळात अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळीत. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असत. गुरुजी बोलत नसत, मुले शाळेत गेली की स्वतः खोली झाडून कपड्यांच्या घड्या घालून ठेवीत. लाजून मुले आपली आपण झाडू लागली. हेच गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरीस दहा दिवस उपोषणाला बसले आणि विठोबाचे दार हरिजनांना उघडले. छात्रालयात आणि पंढरीस त्यांची रीत एकच होती. कष्ट स्वतः सोसायचे आणि समोरच्याच्या मनाला जागे करायचे.

आता जे लिहायचे ते लिहिताना हात जड होतो, पण लिहिलेच पाहिजे. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली आणि चार वर्षांच्या अभ्यासाचा क्रम घालून दिला. तेव्हापासून कीर्तनकारांच्या पिढ्या आळंदीने घडवल्या. त्याच आळंदीच्या परिसरात पुढे अनेक खाजगी निवासी संस्था निघाल्या. पुष्कळ चांगल्या आहेत. परंतु गेल्या काही वर्षांत त्यांतल्या काहींबद्दल मुलांच्या मारहाणीच्या आणि त्याहून वाईट बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. 'बाहेरचे लोक संप्रदायाला बदनाम करतात' असे म्हणून पान उलटणे सोपे आहे. पण समाजआरतीत एका दिंडीचे टाळ वाजत असताना 'ते बदनामी करताहेत' असे चोपदार म्हणाले तर? ती पोरे आठ-दहा वर्षांची. त्यांच्या हातचे टाळ कोणाला ऐकू जाणार? वारीत आपण दहा वर्षांच्या माळकऱ्याच्याही पाया पडतो, त्याला माउली म्हणतो. त्याच्याच गालावर बोटे उमटली, तर त्या नमस्काराला काय अर्थ राहिला?

आईबापांना आमचे सांगणे आहे. 'महाराज, पोर तुमच्या पदरात घातले, मारा, झोडा, पण शिकवा' हे वाक्य आजपासून तोंडातून काढू नये. पोर संस्थेत ठेवण्यापूर्वी दोन दिवस तेथे राहून पाहावे. मुले कोठे निजतात, रात्री त्यांच्याजवळ कोण असते, आजारी पडल्यास कोण नेतो, संस्थेची नोंदणी आहे काय, पोर जवळच्या शाळेतही जाणार आहे काय, हे विचारावे. विचारल्याचा ज्या महाराजांना राग येईल तेथे पोर ठेवू नये. महिना-दीड महिन्याने न कळवता जावे. आळंदी कार्तिकीला जातोच आपण, तेवढ्यावर भागवू नये. गेल्यावर पोराला देवळाकडे किंवा इंद्रायणीच्या घाटावर एकटे घेऊन बसावे, हातात पेढा द्यावा आणि अभंग किती पाठ झाले हे मागाहून विचारावे. आधी विचारावे की, इथे तुला कोणाची भीती वाटते का रे? आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावे.