चॅट्सवर्थ : मालकीकडून विश्वस्ततेकडे

डर्बिशायरमधील चॅट्सवर्थची जमीन सर विल्यम कॅव्हेंडिशने १५४९ मध्ये ६०० पौंडांना विकत घेतली. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले, तेव्हा त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था लावणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी तो एक होता आणि त्या कामातच त्याचे नशीब उघडले. त्याची पत्नी बेस ऑफ हार्डविक मूळची याच परगण्यातली. या जोडप्याच्या लेखी जमीन म्हणजे स्वकष्टाची, स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली दौलत होती. त्यांचा मुलगा विल्यम १६१८ मध्ये अर्ल झाला. पुढे चौथ्या अर्लने १६८८ च्या राज्यक्रांतीत विल्यम ऑफ ऑरेंजची बाजू घेतली आणि १६९४ मध्ये तो डेव्हनशायरचा पहिला ड्यूक झाला.

मिळवलेले टिकवायचे कसे, हा त्यानंतरचा प्रश्न होता. सतराव्या शतकात इंग्रज वकिलांनी त्यावर तोड काढली. करारान्वये जहागीर थोरल्या मुलाकडे जाई. पण त्याला हक्क मिळे तो हयातभर उपभोगण्याचा, विकून टाकण्याचा नव्हे. मुलगा वयात आला की बापलेक मिळून नवा करार करत आणि बंधन आणखी एक पिढी पुढे जाई. इथेच मालकीची कल्पना बदलली. खरे मालक घराणे ठरले आणि हयात ड्यूक त्याचा राखणदार. मात्र ही राखण फक्त वंशापुरती होती. कुळांचा तिच्यात वाटा नव्हता.

त्यामुळे संपत्ती विखुरली नाही, उलट साचत गेली. चौथ्या ड्यूकच्या १७४८ मधील विवाहाने चिझिक हाउस, बोल्टन ॲबी आणि आयर्लंडमधील लिझमोर किल्ला घराण्याकडे आला. त्याच्याच काळात चॅट्सवर्थच्या वाड्यातून नजरेस पडणारी एडेन्सर गावातली घरे पाडली गेली. सहाव्या ड्यूकने उरलेले गाव हलवून नव्याने वसवले. याच ड्यूकचा प्रमुख माळी जोसेफ पॅक्स्टन. त्याने उभारलेले प्रचंड काचघर तापवायला आठ भट्ट्या लागत आणि कोळसा भुयारातल्या रुळांवरून येई. पॅक्स्टनने इथेच वाढवलेल्या केळीला कॅव्हेंडिश घराण्याचे नाव मिळाले. जळगावच्या बागांतली ग्रँड नैन त्याच गटातली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेतमालाचे भाव कोसळले. १८८२ च्या कायद्याने हयातभराच्या उपभोगकर्त्याला जमीन विकण्याची मुभा दिली आणि १८९४ मध्ये मृत्यूनंतर संपूर्ण मालमत्तेवर कर लागू झाला. राज्यसंस्थेच्या दृष्टीने आता प्रत्येक पिढीचा मृत्यू हा हिशेबाचा क्षण होता. पहिल्या महायुद्धानंतर लंडनमधील डेव्हनशायर हाउस विकले गेले, काचघर १९२० मध्ये पाडले गेले.

सर्वांत मोठा आघात १९५० चा. दहाव्या ड्यूकने १९४६ मध्ये मालमत्ता विश्वस्त मंडळाकडे सोपवली होती. कर टळण्यासाठी त्याने पुढची पाच वर्षे जगणे आवश्यक होते. मुदतीला चौदा आठवडे उरले असताना तो वारला आणि ८० टक्के कर बसला. तो फेडण्यासाठी जमिनी विकाव्या लागल्या, उत्तमोत्तम कलाकृती आणि घराण्याचा हार्डविक हॉल हा वाडा सरकारला द्यावा लागला. हार्डविक पुढे वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे गेला. १९८१ मध्ये अकराव्या ड्यूकच्या काळात चॅट्सवर्थचा वाडा, त्यातील संग्रह आणि बाग सार्वजनिक न्यासाकडे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली.

हा बदल केवळ औदार्यातून झाला नाही, तसाच तो केवळ कराच्या धाकानेही झाला नाही. वारस हा मालक नसून राखणदार आहे, हे तत्त्व घराण्याने स्वतःच्या सोयीसाठी तीनशे वर्षे मान्य केलेले होते. विसाव्या शतकाने ते तत्त्व मोडले नाही. राखण कोणासाठी करायची, एवढे मात्र बदलले. वंशाच्या जागी समाज आला. पाडलेल्या गावाचा आणि कुळांनी भरलेल्या खंडाचा विचार करता हा हक्क समाजाला उशिराच मिळाला, पण तो न्याय्यच होता.