नाव दोन बाय चार, लाकूड दीड बाय साडेतीन

अमेरिकेत ‘दोन बाय चार’ म्हणून विकले जाणारे लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरते, म्हणजे 38 बाय 89 मिलिमीटर. नाव कच्च्या, ओल्या कापाचे. पुढे लाकूड वाळते, आकसते, रंध्याखाली जाते. नाव मात्र तेच राहते. म्हणून इमारतींचे आराखडे करणाऱ्या रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये सांगाडा रचताना प्रकाराचे नाव एका रकान्यात आणि खरी रुंदी-जाडी दुसऱ्या रकान्यात असते. नावालाच माप समजले, तर भिंतीचा सांगाडा कागदावर अर्ध्या इंचाने जाड होतो आणि दाराची चौकट जागेवर नीट बसत नाही.

मग खरे कोणते?

न्यायदर्शन ज्ञानाची चार साधने मानते : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. वखारवाल्याने सांगितलेले नाव हा शब्द. सांगणारा जाणता आणि विश्वासू असेल तरच तो ग्राह्य. सुताराची टेप हे प्रत्यक्ष. तेही कायमचे नाही, कारण सागवानसुद्धा पावसाळ्यात थोडे फुगते आणि उन्हाळ्यात आकसते.

नाव खरे की त्यामागची वस्तू, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या श्रीगोंदा गावाला जवळचा आहे. ‘योगसंग्राम’ लिहिणारे संतकवी शेख महंमद इथलेच. त्यांचे समाधिस्थानही इथेच. जन्माने मुसलमान असलेल्या या कवीने अध्यात्म मराठी ओवीत मांडले आणि वारकरी परंपरेने त्यांना आपले मानले. केवळ नाव वाचून त्यांची उपासना ठरवता येत नाही; त्यासाठी ग्रंथ उघडावा लागतो.

वेदान्तही नाम-रूप, म्हणजे नाव आणि आकार, व्यवहारातून काढून टाकत नाही. वखारीत लाकूड नावानेच मागावे लागते. करवत लावण्यापूर्वी मात्र तोच तुकडा मोजावा आणि आलेला आकडा आराखड्यात भरावा.