समोरचा ऋतू

उन्हाळ्यात आपण पावसाची वाट पाहतो. पाऊस चार दिवस मुक्कामाला राहिला की ऊन हवेसे वाटते, आणि थंडी पडली की तिचीही तक्रार सुरू होते. अशा रीतीने प्रत्येक ऋतू पुढच्या ऋतूच्या प्रतीक्षेत निघून जातो. परंतु ज्याची दृष्टी आखिरतकडे लागलेली आहे, त्या श्रद्धावंताने समोरच्या क्षणात रमावे काय? की तोही ऐहिक मोहच होय?

सहीह मुस्लिममध्ये हजरत अनस (रजि.) यांनी एक प्रसंग कथन केला आहे. पाऊस सुरू झाला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अंगावरील वस्त्र थोडे बाजूला सारून पावसाचे थेंब अंगावर पडू दिले. सहाबांनी कारण विचारले. हा पाऊस नुकताच आपल्या पालनकर्त्याकडून आला आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. येथे क्षणाचा आनंद आहे, पण दात्याचा विसर नाही. मोह वस्तूपाशी थांबतो. कृतज्ञता वस्तू देणाऱ्यापर्यंत पोहोचते.

सूरह अल-फुरकानमध्ये (25:62) सांगितले आहे की रात्र आणि दिवस एकामागून एक येतात, ते बोध घेऊ इच्छिणाऱ्यासाठी आणि कृतज्ञ होऊ इच्छिणाऱ्यासाठी. सूरह कुरैशमध्ये तर हिवाळा व उन्हाळा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या ऋतूंतील प्रवासांची आठवण देऊन, भुकेत अन्न आणि भयात अभय देणाऱ्या प्रभूची उपासना करण्याचा आदेश तेथे दिला आहे. ऋतू बदलतो, कृतज्ञतेचे कर्तव्य बदलत नाही.

आपले हिजरी वर्षही हेच शिकवते. ते सुमारे 354 दिवसांचे असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. 2018 साली आपण मे-जूनच्या उकाड्यात रोजे ठेवले. 2030 साली ते थंडीत येतील. साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यात हा फेरा जेमतेम दोनदा पूर्ण होतो. माझा एक नुकताच पूर्ण झाला.

त्या फेऱ्यातील एक गोष्ट मनाला सलते. माझे अब्बा ज्वारीचे शेतकरी. मी मदरशात शिकवू लागलो तेव्हा दर हिवाळ्यात त्यांचा निरोप येई : हुरडा सुरू झाला आहे, दोन दिवस येऊन जा, नंतर कणसे टणक होतील. मी कळवत असे, सध्या परीक्षा आहेत, पुढच्या वर्षी नक्की येतो. असे तीन हिवाळे गेले. चौथ्या हिवाळ्यात शेतात हुरडा होता, निरोप पाठवणारे नव्हते. विशेष म्हणजे, त्याच दिवसांत मी मुलांना सूरह अल-अस्रचा अर्थ शिकवीत होतो. तिचा आरंभ काळाच्या शपथेने होतो. अर्थ मला तोंडपाठ होता. तो माझ्यापर्यंत पोहोचला नव्हता.

तेव्हापासून मला वाटते, आरंभीचा प्रश्नच अपुरा आहे. आखिरत पुढे असली तरी तिची कमाई आजच करावी लागते. आईवडिलांची सेवा, आजाऱ्याची विचारपूस, राहून गेलेले कजा रोजे, रुसलेल्या भावाशी समेट, यांपैकी काहीही उद्याच्या ऋतूत करता येत नाही; कारण उद्याचा ऋतू अद्याप आपल्याला दिलेला नाही. समोरच्या क्षणाची कदर करणे म्हणजे आखिरतकडे पाठ फिरवणे नव्हे; तिच्याकडे जाणारी वाट याच क्षणातून जाते.

वाचकहो, आपल्या घरी निरोप पाठवणारे कोणी असेल तर या ऋतूतच जाऊन या. अल्लाह आपणा सर्वांना हाती असलेल्या वेळेची कदर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.