कर्सर एकाच कप्प्यात असतो

रात्रपाळीला मी कराडच्या शनिवार पेठेतल्या घरून दूरचे सर्व्हर सांभाळते. एका टर्मिनलचे अनेक कप्पे पाडणारा, निकोलस मॅरियट यांनी २००७ साली लिहिलेला टीमक्स हा माझा रोजचा सोबती. कंट्रोल-बी आणि मग टक्क्याचं चिन्ह दाबलं की टर्मिनल उभं दुभंगतं, दुहेरी अवतरणचिन्ह दाबलं की आडवं. डावीकडे लॉग वाहत असतो, उजवीकडे कॉन्फिगरेशनची फाइल, खाली मेमरीचे आकडे. आमच्या आण्णांचं आयुष्य संस्कृत शिकवण्यात गेलं. एकदा मागे उभं राहून त्यांनी विचारलं, "एवढ्या सगळ्याकडे एकदम लक्ष जातं का गं?" प्रश्न सहज नव्हता.

न्यायदर्शन मानणारे नैयायिक म्हणतील, नाही जात. अनेक ज्ञानं एका क्षणी उपजत नाहीत, हीच न्यायसूत्रांनी मनाची खूण सांगितली. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात मन अणुरूप आहे, म्हणून ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जुळतं. कोलीत गरगर फिरवलं की अग्नीचं अखंड चक्र दिसतं. एकदम सगळं कळल्याचा भासही तसाच, वेगाचा. भाट्ट मीमांसकांना हे अमान्य होतं, ते मनाला विभू, म्हणजे सर्वव्यापी, मानत. मी मात्र नैयायिकांच्या बाजूची. लॉग वाचताना मेमरीचा चढलेला आकडा डोळ्यांपुढे असूनही मला दिसत नाही, हे रोज अनुभवते. टीमक्सची रचनाही तशीच: कप्पे कितीही पाडा, कर्सर एकातच. सगळ्या कप्प्यांना एकच कळ पाठवायची सोय आहे, पण तेव्हा सर्वत्र तीच आज्ञा जाते. ती अनेक अवधानं नव्हेत.

खरा प्रश्न याच्या पुढे आहे. डावीकडची चूक उजवीकडच्या एका ओळीमुळे झाली, हे कळतं कुणाला? कप्प्यांना तर नाहीच. जे पाहिलं त्यालाच मी शिवते आहे, ही ओळख न्यायसूत्रांनी आत्म्याचा पुरावा म्हणून मांडली, ती इथे लागू पडते. कंट्रोल-बी, मग डी दाबून मी बाहेर पडले तरी आतली कामं चालू राहतात. टीमक्सचा सर्व्हर सगळं धरून ठेवतो. म्हणून एक तरुण सहकारी त्याला आत्मा म्हणाला. मला ते पटत नाही. सर्व्हर दोन्हीकडची अक्षरं जपतो, पण याच्यामुळे ते घडलं, हे त्याला उमगत नाही.

जाणणाऱ्याचं हे एकत्व प्रीतिसंगमासारखंही नाही. महाबळेश्वराहून निघालेल्या कृष्णा-कोयना इथे कराडला समोरासमोर भेटतात आणि कोयनेचं नाव संपतं. जाणणाऱ्यात पाहणं वेगळं राहतं, शिवणं वेगळं राहतं, आणि तरी दोन्ही माझीच असतात.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. कप्पा बदलायला मला कळ दाबावी लागते. मन हलतं ते आत्म्याच्या प्रयत्नानं किंवा अदृष्टानं, म्हणजे न दिसणाऱ्या पूर्वसंचितानं, असं वैशेषिक सांगतात. पहाटे जपाला बसते तेव्हा ते हलावं असा माझा प्रयत्न तर नसतो. मग प्रत्येक भटकंती अदृष्टाच्या माथी मारायची का? आण्णा हो म्हणतात. मी अजून म्हणू शकत नाही.